कामगार वर्ग नेमका कोणाला म्हणायचे?

२०१६ च्या नोव्हेंबरात डोनाल्ड ट्रम्प अमेरिकेचे अध्यक्ष म्हणून निवडून आले, तेव्हा जगभरच्या वृत्तपत्रांनी एक वाक्य पुन्हा पुन्हा छापले: कामगार वर्गाने ट्रम्प यांना विजयी केले. त्याच निवडणुकीच्या मतदानोत्तर पाहणीतले दोन निष्कर्ष मात्र शेजारी शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत. महाविद्यालयीन पदवी नसलेल्या मतदारांमध्ये ट्रम्प पुढे होते. वार्षिक उत्पन्न ५० हजार डॉलरपेक्षा कमी असलेल्या मतदारांमध्ये हिलरी क्लिंटन पुढे होत्या. पाहणी एकच, मतदार तेच. पण कामगार वर्ग म्हणजे पदवी नसलेले लोक असे धरले तर एक उत्तर मिळते आणि कमी कमावणारे लोक असे धरले तर त्याच्या उलट उत्तर मिळते.

यात कोणी खोटे बोलत नव्हते. अडचण अशी होती की ‘कामगार वर्ग’ या एकाच नावाखाली वेगवेगळे लोक मोजले जात होते आणि कोणते लोक मोजले हे सांगण्याची तसदी फारच थोड्यांनी घेतली. ब्रिटनने युरोपीय संघातून बाहेर पडण्याचा कौल दिला तेव्हाही हेच झाले होते, आणि त्यानंतरच्या जवळपास प्रत्येक मोठ्या निवडणुकीत ते होत आले आहे. ज्या शब्दावरून पक्ष आपली धोरणे ठरवतात आणि संपूर्ण समाजगटाबद्दल मते बनवली जातात, तो शब्द इतका सैल ठेवणे परवडणारे नाही. म्हणून त्याची मोजमापे एकेक करून तपासणे आवश्यक आहे.

वर्ग म्हणजे काय?

आपण बोलताना उच्च, मध्यम आणि कनिष्ठ असे वर्ग सर्रास म्हणतो. ही एका शिडीची कल्पना आहे: उत्पन्न वाढले की माणूस वरच्या पायरीवर जातो, घटले की खाली येतो. ‘कामगार वर्ग’ हा शब्द मात्र या शिडीवरच्या कोणत्याही पायरीचे नाव नाही. तो माणसाचे दुसऱ्या माणसांशी असलेले नाते सांगतो. त्याच्या उपजीविकेचा आधार काय आहे आणि त्या आधारावर हुकूम कोणाचा चालतो, हे त्यातून कळते.

हा फरक भाडेकरू आणि घरमालक यांच्या उदाहरणाने स्पष्ट होईल. एखादा भाडेकरू प्रशस्त, हवेशीर घरात राहत असेल आणि एखादा घरमालक स्वतःच्या दोन अंधाऱ्या खोल्यांत राहत असेल. घराचा आकार पाहिला तर भाडेकरू वरचढ दिसतो. पण घर रिकामे करण्याची सूचना कोण कोणाला देऊ शकतो, भाडे वाढवायचे की नाही हे कोण ठरवतो, आणि भिंतीत खिळा ठोकण्यापूर्वी कोणाला विचारावे लागते, या प्रश्नांची उत्तरे घराच्या आकारावर अवलंबून नसतात. उत्पन्न हा घराचा आकार आहे. वर्ग म्हणजे भाडेकरू असणे किंवा मालक असणे. दोन्ही गोष्टींचा एकमेकींशी पुष्कळ संबंध असतो, म्हणूनच त्यांची गल्लत होते. पण त्या एक नाहीत.

शब्द आला कुठून?

अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत ब्रिटनमध्ये समाजाचे वर्णन करताना श्रेणी, दर्जा, प्रतिष्ठा असे शब्द वापरले जात, आणि ते बहुतांशी माणसाच्या जन्मावरून ठरत. कारखानदारी वाढू लागली तशी एक नवी लोकसंख्या दिसू लागली, जिच्याकडे जमीन नव्हती, स्वतःचे माग किंवा अवजारे उरली नव्हती, आणि जी आठवड्याच्या मजुरीवर जगत होती. तिच्यासाठी इंग्रजीत प्रथम अनेकवचनी शब्द रूढ झाला: ‘कामकरी वर्ग’, म्हणजे विणकर, खाणमजूर, चांभार, शेतमजूर असे अनेक निरनिराळे गट. हे सारे मिळून एकच वर्ग होतो ही जाणीव पुढच्या काही दशकांत घडली, आणि ती घडण्यात राजकारणाचा वाटा मोठा होता.

१८३२ साली ब्रिटिश संसदेने मताधिकाराचा विस्तार केला. शहरांत वर्षाला किमान दहा पौंड मोलाचे घर ज्या पुरुषाच्या ताब्यात होते, त्याला मत मिळाले. या सुधारणेसाठी रस्त्यावर उतरलेल्यांमध्ये मजुरीवर जगणारे असंख्य लोक होते. त्यांतल्या बहुतेकांच्या हाती काहीच लागले नाही. व्यापारी आणि कारखानदार आत गेले, त्यांचे कामगार बाहेर राहिले. आपले हित आणि मालकांचे हित एक नाही, ही गोष्ट या अनुभवाने जितकी ठसवली तितकी कोणत्याही सिद्धान्ताने ठसवली नसती. १८३६ साली लंडनमध्ये कामकरी पुरुषांची संघटना स्थापन झाली आणि १८३८ मध्ये सहा मागण्यांची प्रसिद्ध सनद निघाली: सर्व प्रौढ पुरुषांना मताधिकार, गुप्त मतदान, समान आकाराचे मतदारसंघ, संसद सदस्यांना वेतन, उमेदवारीसाठी मालमत्तेची अट रद्द करणे आणि दरवर्षी निवडणूक. यांपैकी शेवटची सोडून बाकी पाचही मागण्या पुढे मान्य झाल्या. स्त्रियांचा मताधिकार या यादीत नव्हता, हेही येथे नोंदवले पाहिजे. कारण कामगार म्हटले की पुरुषच डोळ्यांसमोर आणण्याची सवय या शब्दाला सुरुवातीपासून चिकटलेली आहे.

कामगार वर्ग हे नाव वरून कोणी चिकटवलेले लेबल नव्हते, असे या इतिहासावरून दिसते. काम आम्ही करतो आणि निर्णय मात्र दुसरेच घेतात, ही तक्रार त्या नावातच होती.

मार्क्स आणि एंगेल्स यांनी या तक्रारीला काटेकोर व्याख्येचे रूप दिले. एंगेल्स यांनी १८८८ साली दिलेल्या व्याख्येनुसार, ज्यांच्याकडे उत्पादनाची स्वतःची साधने नाहीत आणि म्हणून जगण्यासाठी ज्यांना आपली श्रमशक्ती विकावी लागते, ते आधुनिक मजुरीवरचे कामगार म्हणजे हा वर्ग. यातले दोन पारिभाषिक शब्द एकदा समजून घेऊ. उत्पादनाची साधने म्हणजे जमीन, यंत्रे, इमारती, कच्चा माल, म्हणजेच ज्यांच्याशिवाय काही निर्माण करता येत नाही अशा गोष्टी. श्रमशक्ती म्हणजे काम करण्याची क्षमता. कामगार तयार वस्तू विकत नाही, तो ठरावीक तासांपुरती स्वतःची क्षमता मालकाच्या हवाली करतो. या व्याख्येत घाम, काळे हात किंवा कारखान्याचा भोंगा यांचा उल्लेखही नाही. तिच्या शब्दांप्रमाणे पाहिले तर शाळेतली शिक्षिका, रुग्णालयातली परिचारिका आणि संगणकावर काम करणारा नोकरदार हे तिघेही या वर्गात बसतात. पुढे जर्मन समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबर यांनी असे दाखवले की मालमत्ता नसलेल्यांमध्येही कौशल्य आणि शिक्षण यांच्यामुळे मोठे भेद पडतात, कारण दुर्मीळ कौशल्य बाजारात मालमत्तेसारखेच उपयोगी पडते. पुढचे वाद बरेचसे या दोन विचारांच्या ओढाताणीतून निघालेले आहेत.

हाताने काम करणारा तो कामगार?

सिद्धान्त काहीही असला तरी सरकारला आणि बाजाराला माणसे मोजायची असतात, आणि मोजण्यासाठी सर्वांत सोपी गोष्ट म्हणजे व्यवसाय. ब्रिटनमध्ये १९११ च्या जनगणनेपासून लोकांची व्यवसायानुसार वर्गवारी होऊ लागली. टी. एच. सी. स्टीव्हन्सन या संख्याशास्त्रज्ञाने ती तयार केली ती बालमृत्यू आणि जन्मदर यांचा सामाजिक स्थितीशी काय संबंध आहे हे पाहण्यासाठी. हेतू चांगला होता आणि त्यातून मोलाची माहितीही मिळाली. पण या पद्धतीने एक समज पक्का केला: हाताने काम करणारे म्हणजे कामगार आणि मेजावर बसून काम करणारे म्हणजे मध्यमवर्ग.

आजही ब्रिटनमधल्या मतदार पाहण्यांत जी श्रेणीपद्धत वापरली जाते, ती वाचकसंख्या मोजण्यासाठी घडवलेली आहे, म्हणजे जाहिरातदारांच्या सोयीची आहे. तीत ए, बी, सी-१, सी-२, डी आणि ई अशा सहा श्रेणी असतात. पहिल्या तीन म्हणजे मध्यमवर्ग आणि शेवटच्या तीन म्हणजे कामगार वर्ग, असे बातम्यांत धरले जाते. आता हिचे परिणाम पाहा. कॉल सेंटरमध्ये दिवसभर कानाला यंत्र लावून बसणारी आणि प्रत्येक संभाषणाला किती सेकंद लागले याचा हिशेब द्यावा लागणारी तरुणी सी-१ मध्ये, म्हणजे मध्यमवर्गात जाऊ शकते. स्वतःचा व्यवसाय उत्तम चालवणारा कुशल नळकारागीर सी-२ मध्ये, म्हणजे कामगार वर्गात जातो. केवळ सरकारी निवृत्तिवेतनावर जगणारी वृद्ध व्यक्ती ई श्रेणीत जाते, तिने आयुष्यभर कोणतेही काम केलेले असो. शिवाय श्रेणी ठरते ती घरातल्या मुख्य कमावत्या व्यक्तीच्या व्यवसायावरून, त्यामुळे कमी कमावणाऱ्या पत्नीचे काम हिशेबातून नाहीसेच होते.

हात आणि डोके ही विभागणी कधी काळी उपयोगी होती, हे खरे आहे. एकोणिसाव्या शतकातला कारकून मालकाच्या शेजारी बसत असे, त्याचा विश्वासू असे आणि पुढे भागीदार होण्याची आशा बाळगू शके. कार्यालये मोठी झाली, कामाचे तुकडे पडले, यंत्रे आली आणि कारकुनाचे काम ठरावीक हालचालींच्या मालिकेत बदलले. त्याचे कपडे स्वच्छ राहिले. त्याची मोकळीक गेली.

पदवीवरून वर्ग ठरतो का?

अमेरिकेत मात्र व्यवसायापेक्षा शिक्षणावर भर दिला जातो. चार वर्षांची महाविद्यालयीन पदवी नाही तो कामगार वर्ग, हा तिथल्या मतदार पाहण्यांचा रूढ संकेत आहे. पाहणी करणाऱ्यांना हा प्रश्न का आवडतो हे समजण्यासारखे आहे. उत्पन्न सांगायला लोक कचरतात, व्यवसायाचे वर्गीकरण करायला वेळ लागतो, पण पदवी आहे की नाही याचे उत्तर एका शब्दात मिळते आणि प्रौढ वयात ते सहसा बदलत नाही.

माझ्या मते उपलब्ध मोजमापांत हे सर्वांत दुबळे आहे, आणि दुर्दैवाने सर्वाधिक वापरले जाणारेही हेच आहे. अमेरिकेतल्या २५ वर्षांवरील प्रौढांपैकी ६० टक्क्यांहून अधिक लोकांकडे अशी पदवी नाही. इतक्या प्रचंड समूहाला एक वर्ग म्हणून त्याच्याबद्दल एकच विधान करणे धाडसाचे आहे. बिल गेट्स आणि मार्क झुकरबर्ग यांनी शिक्षण अर्धवट सोडले होते. या संकेताचे तंतोतंत पालन केले तर जगातल्या सर्वांत श्रीमंतांपैकी दोघे कामगार वर्गात मोडतील. हे टोकाचे उदाहरण बाजूला ठेवले तरी पदवी नसलेला, पण पंधरा माणसांना कामावर ठेवणारा बांधकाम कंत्राटदार आणि त्याच्याकडे रोजंदारीवर काम करणारा मजूर हे दोघे एकाच रकान्यात येतात. उलट पदवी घेऊन तुटपुंज्या पगारावर तासिका घेणारा प्राध्यापक त्या रकान्याबाहेर राहतो. त्यात वयाचाही घोळ आहे: जुन्या पिढ्यांत पदवीधर कमी होते, त्यामुळे पदवीच्या नावाखाली आपण बऱ्याचदा वयाचाच फरक मोजत असतो. पदवी नोकरीच्या बाजारात दारे उघडते यात शंका नाही. पण दार उघडून आत गेल्यावर माणूस कोणत्या स्थितीत काम करतो, हे तिच्यावरून कळत नाही.

मग लोकांनाच का विचारू नये?

हा आक्षेप रास्त आहे. माणूस स्वतःला ज्या वर्गाचा समजतो, त्याच वर्गाचा मानावा, यात त्याचा सन्मानही राखला जातो. पण उत्तर पुष्कळदा प्रश्नाच्या रचनेवर अवलंबून असते. १९४० च्या सुमारास अमेरिकेतल्या पाहण्यांत उच्च, मध्यम आणि कनिष्ठ एवढेच पर्याय दिले जात, आणि फार मोठे बहुमत स्वतःला मध्यमवर्गीय म्हणत असे. अमेरिका हा मध्यमवर्गीयांचा देश आहे, हा निष्कर्ष त्यावरून काढला गेला. १९४५ साली रिचर्ड सेंटर्स या मानसशास्त्रज्ञाने त्याच प्रश्नात ‘कामगार वर्ग’ हा चौथा पर्याय घातला, आणि निम्म्याहून थोडे अधिक लोकांनी तोच निवडला. स्वतःला कनिष्ठ म्हणवून घ्यायला जवळपास कोणीच तयार नव्हते. कामगार म्हणवून घेण्यात मात्र त्यांना कमीपणा वाटत नव्हता.

ब्रिटनमध्ये उलटा प्रकार दिसतो. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश सामाजिक वृत्तींच्या पाहणीत ६० टक्के लोकांनी स्वतःला कामगार वर्गाचे म्हटले, आणि व्यवस्थापकीय व व्यावसायिक पदांवर असलेल्यांपैकीही ४७ टक्क्यांनी तेच उत्तर दिले. यामागे काही जणांचा खरा प्रवास असतो: वडील खाणीत होते, मुलगा वकील झाला, पण मनाने तो अजून त्या वस्तीतच आहे. मात्र लंडनमधल्या काही समाजशास्त्रज्ञांनी २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असेही आढळले की ज्यांचे आईवडील स्वतः सुस्थितीत होते, असे अनेक जण आजोबा-पणजोबांच्या कष्टांचा दाखला देऊन स्वतःला कामगार वर्गाशी जोडतात, आणि त्यामुळे स्वतःचे यश केवळ गुणवत्तेचे फळ वाटू लागते. माणसाची स्वतःबद्दलची भावना ही मोलाची माहिती आहे. ती त्याच्या आजच्या स्थितीची साक्ष मात्र नेहमीच देत नाही. म्हणूनच सामाजिक बढतीचा अभ्यास करणारा ब्रिटनचा आयोग भावना विचारत नाही. तुम्ही चौदा वर्षांचे असताना घरातली मुख्य कमावती व्यक्ती कोणते काम करत होती, एवढेच विचारण्याची तो शिफारस करतो.

पगार तर मुख्य अधिकाऱ्यालाही मिळतो

श्रम विकून जगतो तो कामगार असे म्हटले की हा प्रश्न हमखास येतो, आणि तो सर्वांत महत्त्वाचा आहे. एखाद्या कंपनीचा मुख्य अधिकारीही कागदोपत्री नोकरच असतो. मग तो आणि त्याच्या कार्यालयातला सफाई कर्मचारी एकाच वर्गाचे कसे?

ते एका वर्गाचे नाहीत, आणि याचे कारण पगाराच्या रकमेपेक्षा अधिकारात आहे. अर्थशास्त्रज्ञ मायकेल झ्वाइग यांनी वर्गाची व्याख्याच कामाच्या ठिकाणच्या सत्तेवरून केली: ज्यांना आपल्या कामाचा वेग, पद्धत आणि वेळ यांवर फारसा ताबा नसतो आणि जे इतर कोणालाही हुकूम देत नाहीत, ते कामगार वर्गाचे. या मापाने अमेरिकेतल्या श्रमबलाचे स्पष्ट बहुमत कामगार ठरते, आणि त्यात विक्रेत्या, कारकून, परिचारिकांचे मदतनीस, चालक असे सारे येतात.

ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ जॉन गोल्डथॉर्प यांनी याच गोष्टीकडे मालकाच्या बाजूने पाहिले. काही कामे अशी असतात की त्यांवर नजर ठेवणे सोपे असते आणि ती करणारा माणूस सहज बदलता येतो; तिथे मालक तासावर किंवा नगावर मोबदला देतो आणि संबंध तिथेच संपतो. काही कामांत विशेष ज्ञान लागते आणि पाळत ठेवणे अवघड असते. तिथे मालकाला माणसाचा विश्वास कमवावा लागतो, म्हणून वार्षिक वाढ, निवृत्तिवेतन, बढतीची शाश्वती असे दीर्घकालीन लाभ दिले जातात. ब्रिटनने २००१ पासून जुनी व्यवसायांची उतरंड सोडून जी अधिकृत वर्गवारी स्वीकारली, ती या विचारावर आधारलेली आहे. अर्थात मधल्या जागा उरतातच. वरून हुकूम घेणारा आणि खाली हुकूम देणारा मुकादम कुठे बसवायचा? अमेरिकन समाजशास्त्रज्ञ एरिक ओलिन राइट यांनी अशा स्थानांना परस्परविरोधी वर्गस्थाने म्हटले आणि ती जबरदस्तीने एका बाजूला ढकलली नाहीत. मला हा प्रामाणिकपणा योग्य वाटतो. कारण रेषा काठावर धुसर आहे म्हणून ती मुळात नसतेच असे म्हणणे चुकीचे आहे.

कमाई वाढली, शेअर घेतले, म्हणजे वर्ग बदलला?

१९६० च्या दशकात ब्रिटनमध्ये असा समज होता की चांगली मजुरी मिळवणारे कामगार घर, गाडी आणि दूरचित्रवाणी घेऊन मध्यमवर्गीय होत चालले आहेत. गोल्डथॉर्प आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ल्यूटन या शहरातल्या मोटार व इतर कारखान्यांतल्या सुखवस्तू कामगारांचा अभ्यास करून हा समज तपासला. घरातल्या वस्तू वाढल्या होत्या, पण ती कमाई जादा तास आणि पाळ्या करून मिळवलेली होती. काम तितकेच कंटाळवाणे होते, बहुतेक जण संघटनेचे सदस्य होते आणि मजूर पक्षालाच मत देत होते.

शेअरबाबतही असेच आहे. निवृत्तिनिधीमार्फत कामगाराकडे कंपन्यांचे थोडे शेअर असतात, हे खरे. उद्या नोकरी गेली तर त्या शेअरवर त्याचे घर किती दिवस चालेल, एवढाच प्रश्न विचारावा.

याच कारणाने कामगार आणि गरीब हे समानार्थी शब्द नाहीत. गरिबी ही उत्पन्नाची अवस्था आहे. काम करूनही गरीब राहणारे लोक आहेत, काम करून सुस्थितीत असलेले कामगारही आहेत, आणि काम शोधणारा बेकार माणूस मजुरीअभावी अडचणीत आला आहे, यावरूनच तो याच वर्गाचा आहे हे सिद्ध होते.

कारखाने बंद पडले, मग कामगार उरले कुठे?

पश्चिमेकडच्या देशांत खाणी आणि पोलाद कारखाने मोठ्या प्रमाणावर बंद झाले, आणि त्याबरोबर शिरस्त्राण घातलेल्या पुरुषाचे चित्रही मागे पडले. तो पुरुष म्हणजेच कामगार वर्ग असे ज्यांनी धरले होते, त्यांना वर्गच संपल्यासारखे वाटले. प्रत्यक्षात गोदामात हातातल्या यंत्राच्या सूचनेनुसार माल उचलणारे, वृद्धाश्रमात रुग्णांना आंघोळ घालणारे, दुकानांत गल्ल्यावर उभे राहणारे, इमारती झाडणारे आणि घरोघर वस्तू पोहोचवणारे लोक वाढले, आणि त्यांत स्त्रियांचे व स्थलांतरितांचे प्रमाण मोठे आहे. २०२० च्या टाळेबंदीत अनेक सरकारांनी ‘अत्यावश्यक’ कामांच्या याद्या काढल्या, तेव्हा यांतली बरीचशी कामे त्या याद्यांत होती. ज्यांना घरी बसून काम करता आले आणि ज्यांना संसर्गाचा धोका पत्करून बाहेर जावे लागले, त्यांच्यातली रेषा पदवी किंवा कपडे यांपेक्षा कामावरच्या ताब्याची होती.

२०११ साली ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ गाय स्टँडिंग यांनी अशाश्वत काम करणाऱ्यांचा एक स्वतंत्र नवा वर्ग तयार होत असल्याचे मांडले. निरीक्षण महत्त्वाचे आहे, पण त्याला वेगळा वर्ग म्हणण्याविषयी मला शंका आहे. जगाचा इतिहास पाहिला तर कायमची नोकरी आणि ठरलेले निवृत्तिवेतन हाच अपवाद होता. आज उद्याची खात्री नसणे ही कामगाराची जुनीच अवस्था आहे.

ज्यांना मालकच नाही त्यांचे काय?

येथे युरोपातली व्याख्या अपुरी पडते. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०१८ च्या अंदाजानुसार जगात काम करणाऱ्यांपैकी ६० टक्क्यांहून अधिक, म्हणजे सुमारे दोन अब्ज लोक अनौपचारिक क्षेत्रात आहेत, जिथे लेखी करार, रजा, विमा यांपैकी काहीच नसते. त्यांत फेरीवाले आहेत, घरी बसून नगावर शिवणकाम करणाऱ्या स्त्रिया आहेत, एखाद्या तुकड्याचे मालक असूनही वर्षातले काही महिने दुसऱ्याच्या शेतात राबणारे शेतकरी आहेत. हातगाडी स्वतःची आहे म्हणून फेरीवाल्याला भांडवलदार म्हणणे हास्यास्पद ठरेल. नगावर शिवणाऱ्या स्त्रीकडे स्वतःचे यंत्र असते, पण कापड, नमुना, दर आणि मुदत व्यापारी ठरवतो. तिला मालक नाही हे केवळ कागदावर खरे असते.

घरकामाचा प्रश्न तर आणखी मुळापर्यंत जातो. १९७२ साली सेल्मा जेम्स, मारियारोझा दाला कोस्ता, सिल्व्हिया फेदेरिची आदी स्त्रीवादी कार्यकर्त्यांनी घरकामाला मजुरी द्या अशी मागणी पुढे आणली. त्यांचा युक्तिवाद असा होता की कामगार दुसऱ्या दिवशी जेवून, विश्रांती घेऊन कामावर हजर होतो, तो घरातल्या बिनपगारी श्रमांमुळे. म्हणून ते श्रम करणारी स्त्री वर्गाच्या हिशेबाबाहेर ठेवता येत नाही. मजुरीची मागणी सर्वांना पटली नाही, पण हा मुद्दा खोडून काढणे अवघड आहे.

शब्दाआधी विशेषण लागते तेव्हा

अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये ‘गोरा कामगार वर्ग’ हा शब्दप्रयोग आता इतका रुळला आहे की त्यातली विसंगती लक्षात येत नाही. वर्ग म्हणजे उपजीविकेचे नाते असेल तर रंगाने ते बदलत नाही. हे विशेषण सतत लावले की उरलेल्या कामगारांची ओळख केवळ वंशाने किंवा स्थलांतराने होऊ लागते; कृष्णवर्णीय बसचालक ‘अल्पसंख्य’ ठरतो आणि त्याच्या शेजारचा गोरा बसचालक ‘कामगार’ ठरतो, जरी दोघांचे वेळापत्रक आणि वेतनश्रेणी एकच असली तरी.

याचा अर्थ वंश किंवा जात यांना महत्त्व नाही असा कोणी घेऊ नये. जातिव्यवस्था ही केवळ श्रमाची विभागणी नसून श्रमिकांचीही विभागणी आहे, असे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली मांडले होते. एकाच प्रकारे राबणारी माणसे एकमेकांना समान मानतीलच असे नाही, आणि अन्याय दोन्ही बाजूंनी होऊ शकतो, मालकाकडूनही आणि शेजारच्या कामगाराकडूनही. म्हणूनच वर्ग आणि जन्माने आलेली ओळख ही दोन्ही स्वतंत्रपणे पाहावी लागतात.

शब्दाचा अर्थ न्यायालयात ठरतो तेव्हा

हा सारा वाद अभ्यासकांपुरता आहे असे वाटत असेल, तर ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने १९ फेब्रुवारी २०२१ रोजी दिलेला निकाल पाहावा. अॅपवरून प्रवासी नेणारे चालक स्वतंत्र व्यावसायिक आहेत, असे उबर कंपनीचे म्हणणे होते, आणि चालकांनी मान्य केलेल्या करारातही तसेच लिहिलेले होते. न्यायालयाने कराराच्या शब्दांपेक्षा प्रत्यक्ष व्यवहाराला महत्त्व दिले. भाडे कंपनी ठरवते, कराराच्या अटी कंपनी ठरवते, फेऱ्या नाकारणाऱ्या चालकावर अॅपमधून बंधने येतात, प्रवाशांनी दिलेल्या गुणांवरून त्याच्यावर कारवाई होऊ शकते, आणि प्रवासी व चालक यांच्यातला संपर्क फेरीपुरताच मर्यादित ठेवला जातो. हे सर्व पाहून न्यायालयाने चालकांना कायद्याने कामगार ठरवले. त्यामुळे ते किमान वेतन आणि पगारी रजा यांना पात्र झाले, आणि ठरलेल्या भागात अॅप सुरू करून फेरी स्वीकारायला तयार असण्याचा वेळही कामाचा वेळ मानला गेला.

युरोपीय संघाने २०२४ साली अॅपवरच्या कामाविषयी जो निर्देश संमत केला, तो याच दिशेने पुढे जातो. कंपनीचे नियंत्रण आणि मार्गदर्शन असल्याचे पुरावे दिसले की काम करणारा माणूस नोकरीतच आहे असे आधी गृहीत धरायचे, आणि तो नोकरीत नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी कंपनीवर टाकायची, अशी त्याची रचना आहे. कोणत्या पुराव्यांवरून नियंत्रण मानायचे, हे प्रत्येक सदस्य देशाने आपल्या कायद्यात ठरवायचे असून त्यासाठी २ डिसेंबर २०२६ ही मुदत देण्यात आली.